अंगणातलं आकाश (भाग ९) : झूम नेत्रिका घेताना

मागच्या भागात ८ इंची डॉब्सनियन दुर्बिणीसाठी सुरुवातीला कोणत्या नेत्रिका असाव्यात ते पाहिलं. ती यादी वाचली की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की इतक्या नेत्रिका बाळगण्यापेक्षा एकच झूम घेतली तर? माझं मत विचाराल तर जरूर घ्यावी. पैसे वाचतात किंवा खोका हलका होतो म्हणून मात्र नव्हे. आजच्या रात्रीची हवा किती विशालन सोसते, हे झूममधून डोळा न काढता कळतं. नवशिक्याला याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही शिकायचं नसतं.

हिशोब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की विशालन मिळतं. ८ इंची डॉब्सनियनचं नाभीय अंतर साधारण १२०० मिमी असतं. बाजारात सर्रास मिळणारी झूम ८ ते २४ मिमीची असते. म्हणजे २४ वर ५० पट, ८ वर १५० पट आणि मधलं प्रत्येक विशालन कडं फिरवताच हाताशी. आतली भिंगं पुढेमागे सरकतात, त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि त्यासोबत नेत्रिकेचं नाभीय अंतरही बदलतं.

आता ही नेत्रिका गुरूवर लावा. २४ वर छोटीशी पांढरी चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना उपग्रह दिसतील. सावकाश फिरवत १६ वर या, चकतीवर विषुववृत्ताजवळचे दोन गडद पट्टे उमटतील. १२ वर त्या पट्ट्यांच्या कडा खडबडीत वाटू लागतील. ८ कडे जाताना मात्र एक जागा अशी येते, की ग्रह मोठा होतो पण नवीन काहीच दिसत नाही, उलट कडा फाटल्यासारखी हलते. तिथून किंचित मागे या. तेच आजच्या रात्रीचं विशालन. पुस्तकात आरशाच्या मिलीमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट विशालन ही मर्यादा सांगतात. या दुर्बिणीला ती ४०० पट होते, पण आपल्या डोक्यावरची हवा तेवढं क्वचितच देते. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की आकाश काचेसारखं स्वच्छ असतं, तारे मात्र लुकलुकत राहतात आणि ग्रह ठरत नाही. याउलट वारा पडलेल्या, जराशा धुरकट रात्री कित्येकदा शनीची कडी अगदी ठाम उभी राहतात. झूमच्या कड्यावरचा आकडा रोज वहीत टिपून ठेवा. वर्षभराने त्या आकड्यांकडे पाहिलं की पुढची चांगली, एकाच नाभीय अंतराची नेत्रिका कोणती घ्यायची हे कोणाला विचारावं लागत नाही.

शहरात राहणाऱ्यांना झूमचा आणखी एक फायदा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. विशालन तिप्पट केलं की आकाशाची पार्श्वभूमी नऊपट अंधारते, कारण तेवढाच प्रकाश नऊपट क्षेत्रावर पसरतो. तारा मात्र बिंदूच राहतो, त्याचा प्रकाश पसरत नाही. त्यामुळे दिव्यांनी पिवळट झालेल्या आकाशातही तारकागुच्छ विशालन वाढवताना उजळून निघतात. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी पाहा. पुण्याहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर जेमतेम २४ अंशांवर येतो. २४ मिमीवर नुसता राखाडी ठिपका दिसतो. कडं फिरवत न्या, एका टप्प्यावर त्या राखाडीतून दाणे सुटायला लागतात. हा बदल डोळ्यादेखत घडताना पाहणं हा फार मोठा आनंद आहे. नेत्रिका काढून दुसरी लावण्यात तो हरवतो.

झूमचं उणेपण कमी विशालनाच्या बाजूला आहे. साध्या झूमचं दृश्य दृष्टिक्षेत्र ८ मिमीवर ६० अंशांच्या आसपास असतं, पण २४ वर ते ४० अंशांवर येतं. त्याला विशालनाने, म्हणजे ५० ने, भागा. आकाशाचा फक्त ०.८ अंशाचा तुकडा हाती लागतो. दुर्बिणीबरोबर येणारी २५ मिमीची प्लॉसल नेत्रिका १.१ अंश दाखवते. वस्तू शोधताना हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून झूमसोबत ३२ मिमीची एक प्लॉसल असावीच. तिच्यातून सुमारे १.४ अंश दिसतात. कृत्तिका तरीही पूर्ण मावणार नाहीत, त्यांच्यासाठी द्विनेत्री बरी. दुसरी गोष्ट फोकसची. बहुतेक झूममध्ये कडं फिरवलं की फोकस जरा सरकतो आणि पुन्हा जुळवावा लागतो. त्यात १५० पटीवर दृष्टिक्षेत्र जेमतेम ०.४ अंश उरतं. मोटर नसलेल्या डॉब्सनियनमधून ग्रह दीड मिनिटात बाहेर निघून जातो. मुलांची रांग लागली असेल तर ग्रह मध्यावर आणून देणारा एक मोठा माणूस शेजारी लागतोच.

कोणती घ्यावी? साध्या ८-२४ च्या किमतीत दोन-तीन साध्या प्लॉसल येतात, आणि सुरुवातीला तीच पुरे. बाडरची हायपेरिअन मार्क ४ बरीच महाग आहे, पण तिचं दृष्टिक्षेत्र ४८ ते ६८ अंशांचं आहे आणि ८, १२, १६, २०, २४ या आकड्यांवर कडं खटकन थांबतं, त्यामुळे अंधारातही आपण कुठे आहोत ते बोटांना कळतं. टेली व्ह्यूची ३-६ मिमीची नॅगलर झूम अप्रतिम असली तरी आपल्या डॉब्सनियनवर ती २०० ते ४०० पट देईल, तेव्हा तिचा विचार सोडा. ६५० मिमीच्या आखूड दुर्बिणीवर साधी झूम ८१ पटीलाच थांबते, तिथे जोडीला विशालन वाढवणारं बार्लो भिंग लागतं.

घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या झूममधून पाहून घ्या. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम असतात. तिथे सप्तर्षीतल्या वसिष्ठावर दुर्बीण लावून बघा. त्याचे दोन तारे १४ विकलांच्या अंतरावर आहेत. ५० पटीलाही ते वेगळे दिसतात. ८ मिमीवर दोन्ही स्वच्छ बिंदू दिसले पाहिजेत, शेपट्या फुटता कामा नयेत. अरुंधतीही त्याच दृष्टिक्षेत्रात सापडेल. कडं एकसारखं फिरतं का, नेत्रिका हातात डुगडुगते का, तेही पाहा. चष्म्याला नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भागतं. सिलिंडरचा मोठा नंबर असेल तर चष्म्यासकट पूर्ण दृष्टिक्षेत्र दिसतं ना, याची खात्री करून घ्या.

एक काळजी कोकणात आणि मुंबईत विशेष घ्यावी लागते. झूमची नळी हलती असल्यामुळे दमट हवा आत शिरते आणि आतल्या भिंगांवर बुरशी धरते, ती घरी साफ होत नाही. जून ते सप्टेंबर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. बार्लोविषयी पुढच्या आठवड्यात.