वाढत्या वयातील मुलगे : वजन आणि मैदान

तेराचौदा वर्षांचा मुलगा अंगाने सुटू लागला की घरात दोन मते पडतात. आजी म्हणते, "खात्यापित्या घरचा आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल." वडील म्हणतात, "उद्यापासून पहाटे उठून पळायला जा." आम्हांला वाटते, दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत.

या वयात उंची झपाट्याने वाढते, हाडे व स्नायू भरतात. तेव्हा वजन वाढणे स्वाभाविकच होय. प्रश्न एवढाच की, वाढलेले वजन कशाचे? काट्याला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु अंगातील चरबी युडकिन यांची शेकडा 9.1, तर याज्ञिकांची शेकडा 21.2! अंग बेताचे दिसूनही चरबी अधिक, असा आपल्या लोकांचा कल आहे. म्हणून मुलगा जाड असो वा सडपातळ, हालचाल दोघांनाही हवी.

नुसते पळून वजन झटपट उतरेल, ही आशा मात्र व्यर्थ आहे. अर्धा तास चालून जेवढे उष्मांक खर्च होतात, त्याहून अधिक एका वडापावात परत येतात. तरीही, वजन फारसे न घटता, राबणारे स्नायू रक्तातील साखर अधिक चांगली वापरू लागतात आणि दमसास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली, ती याचसाठी. 2016 सालच्या आकड्यांप्रमाणे, 146 देशांतील 11 ते 17 वयाच्या शाळकरी मुलग्यांपैकी शेकडा 77.6 जणांची एवढी हालचाल होत नव्हती.

यात दोष एकट्या मुलाचा नव्हे. गडी वाटताना जाड मुलगा शेवटी उरतो. खो-खोत लवकर बाद होऊन बाहेर बसतो. ज्याला खेळाची अधिक गरज, तोच कमी खेळतो. आणि टोपणनावे ऐकून पुढे मैदानाकडे फिरकेनासा होतो. अशा मुलाला रस्सीखेचीत घ्यावे. तेथे त्याचे वजन संघाच्या कामी येते. पोहायला न्यावे, पाणी त्याचा भार उचलते, गुडघ्यांना त्रास होत नाही. दर आठवड्याला त्याला काट्यावर उभे करण्यापेक्षा वडिलांनीच रोज त्याच्याबरोबर चालावे.

वजन उतरेल तेव्हा उतरो. मुलाचे मैदान तेवढे सुटता कामा नये.