संस्थेचा ईमेल पोचतो, उत्तर मात्र येत नाही. पत्ता कुठे बदलतो?

परदेशी शिष्यवृत्तीचे मार्गदर्शन, वसतिगृह प्रवेश, अभ्यासिकेच्या सूचना ही कामे आता ईमेलवर चालतात. काही संस्थांनी कार्यालयात स्वतःचा मेल सर्व्हरही बसवला आहे. तिथे आम्हाला एक तक्रार ऐकू येते: विद्यार्थ्यांना मेल मिळतो, पण त्यांनी पाठवलेले उत्तर संस्थेपर्यंत पोचत नाही. विद्यार्थ्याला वाटते, संस्था दखल घेत नाही. संस्थेला वाटते, विद्यार्थ्यालाच गरज नाही. या गैरसमजात अर्जाची मुदत निघून जाते. अनेकदा दोष एवढाच असतो की सर्व्हरने पाठवणाऱ्याचा पत्ता चुकीचा बदललेला असतो.

ईमेलला दोन पत्ते असतात. एक लिफाफ्यावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात. मेल पोचला नाही तर तशी सूचना याच पत्त्यावर येते. दुसरा आतल्या हेडरमधला, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारा 'फ्रॉम'. वेगळा 'रिप्लाय-टू' दिलेला नसेल, तर उत्तर या 'फ्रॉम'वर जाते. त्यामुळे दोन्ही तपासावे लागतात.

पत्ता बदलतो कसा? एखादा प्रोग्रॅम नुसते 'कार्यालय' असे नाव देतो. सर्व्हर त्यापुढे डोमेन जोडतो. पोस्टफिक्स या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये 'मायओरिजिन' ही सेटिंग बदललेली नसेल, तर डोमेन म्हणून त्या मशीनचेच नाव लागते. 'सर्व्हर१.लोकल' हे नाव कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये चालते. बाहेर ते कोणालाच सापडत नाही. शिवाय पोस्टफिक्स मुळात स्वतःच्या मशीनवरून आलेल्या मेलचेच हेडर दुरुस्त करतो. नेटवर्कवरच्या इतर संगणकांच्या मेलचे हेडर, वेगळे सांगितल्याशिवाय, तसेच ठेवतो. म्हणून एका टेबलावरचा मेल बरोबर जातो आणि शेजारच्या टेबलावरचा चुकतो.

शोध असा घ्यावा. एक मेल थेट सर्व्हरवरून आणि एक कार्यालयातल्या संगणकावरून स्वतःच्या जीमेलवर पाठवा. तिथे 'शो ओरिजिनल' उघडून 'रिटर्न-पाथ' आणि 'फ्रॉम' यांची तुलना करा. 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचल्या की मेलचा प्रवास कळतो. मग सर्व्हरवर 'पोस्टकॉन्फ -एन' ही आज्ञा देऊन कोणत्या सेटिंग बदलल्या आहेत ते पाहा.

'मायओरिजिन'मध्ये संस्थेचे खरे डोमेन लिहा. फक्त बाहेर जाणाऱ्या मेलचा पत्ता बदलायचा असेल, तर 'एसएमटीपी जेनेरिक मॅप्स' वापरा. 'कॅनॉनिकल मॅप्स' मुळात येणाऱ्या-जाणाऱ्या, पाठवणाऱ्या-घेणाऱ्या अशा सर्वच पत्त्यांना लागू होतात. घाईत वापरल्यास नवा घोळ होतो. 'डीकेआयएम' ही डिजिटल सही असेल, तर पत्ता सहीच्या आधी बदलला पाहिजे. सहीनंतर 'फ्रॉम' बदलला तर सही खोटी ठरते आणि मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत, हेही लक्षात ठेवावे.

दुरुस्तीनंतर दोन्ही ठिकाणांहून पुन्हा मेल पाठवा, त्यांना उत्तर द्या आणि ते संस्थेत पोचते का पाहा. सेटिंग एका वहीत लिहून किमान दोन कार्यकर्त्यांना समजावून द्या. आणि ज्या विद्यार्थ्यांची उत्तरे आली नाहीत, त्यांना आजच फोन करा. सर्व्हर दुरुस्त झाला तरी परत गेलेली उत्तरे आपोआप येणार नाहीत.