वस्तरा बिघडलेला, दोष कुणाचा?
मैत्रिणींनो, आमच्या मामंजींना दाढीला अजून वस्तराच लागतो. दिवाळीला नवा आणला. मिटताना पातं मुठीला घासायचं. आठवड्यात धार गेली नि त्यांचा गाल कापला. दुकानदार म्हणतो कसा, "तुम्हीच पाडला असेल!"

पाडून टवका उडाला, ओला ठेवून गंज चढला, तर चूक आपली, कबूल. पण हा मुळातलाच दोष. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल पावतीवरल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हे ऐकवून पावती पुढे केली, तशी स्वारी नरमली. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक होताच. पावती कुठे जपली होती म्हणाल, तर डाळीच्या डब्यात!