मॅच एकच, नियम तीन!

भारताची मॅच सुरू आहे. आजोबा घरी डिशवर बघतायत, कॉलेजसमोरच्या टपरीवर केबल लागलीय आणि तुम्ही लोकलमध्ये मोबाइलवर अ‍ॅप उघडून उभे आहात. बॉलर तोच, विकेट तीच. कायद्याच्या नजरेतून मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजोबांच्या डिशचा परवाना कित्येक वर्षं १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली दिला जायचा. हो, तारेच्या जमान्यातलाच! टपरीवरची केबल १९९५ च्या केबल टीव्ही कायद्यात बसते. आणि तुमचं अ‍ॅप येतं २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली.

असं का? कारण कायदे झाले तेव्हा फोन म्हणजे फोन होता आणि टीव्ही म्हणजे टीव्ही. प्रत्येकाची वायर वेगळी, म्हणून सरकारी खातंही वेगळं. आज कॉल, सिरियल, बातम्या, रील्स सगळं डेटा बनून एकाच फायबरमधून येतं. याला म्हणतात ‘कन्व्हर्जन्स’. वायर एक झाली, खाती मात्र वेगळीच राहिली. दूरसंचार, माहिती व प्रसारण आणि आयटी अशा तीन खात्यांचा यात हात आहे.

‘मग मला काय त्याचं?’ असं वाटत असेल तर आधी खिशाचं बघू. केबल किंवा डिशवर प्रत्येक पे चॅनेलची किंमत जाहीर करावी लागते आणि सुटं चॅनेल घेण्याची सोयही द्यावी लागते. ‘ट्राय’ म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे हे नियम २०१९ पासून लागू आहेत. अ‍ॅपला असं बंधन नाही. शिवाय २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. म्हणूनच असे सामने दूरदर्शनवर फुकट दिसतात. पण ही सोय दूरदर्शनच्या अँटेनापुरती आणि डीडी फ्री डिशपुरती आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तेच स्पष्ट केलं. म्हणजे ज्या पिढीकडे टीव्हीच नाही, फक्त फोन आहे, तिच्यापर्यंत हा हक्क पोचतच नाही.

आता दुसरा मुद्दा, मालकीचा. जिओची मोबाइल सेवा, डेन आणि हॅथवे या केबल कंपन्या आणि जिओहॉटस्टार या सगळ्यांवर नियंत्रण एकाच उद्योगसमूहाचं आहे. एअरटेलकडेही मोबाइल, ब्रॉडबँड, डीटीएच आणि स्वतःचं व्हिडिओ अ‍ॅप आहे. यात बेकायदा काहीच नाही. पण रस्ता ज्याचा, त्याचंच दुकानही त्या रस्त्यावर असेल तर शेजारच्या छोट्या दुकानदाराला रस्ता सारखाच मोकळा मिळेल का, हे कुणीतरी बघायला हवं. उद्या तुम्हीच मित्रांसोबत मराठी वेबसिरीजचं अ‍ॅप काढलंत तर तो छोटा दुकानदार तुम्ही असाल. माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालाव्यात, अशी शिफारस ट्रायनं २०१४ मध्ये केली होती. त्यावर कायदा काही झाला नाही.

एका बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. ठरावीक वेबसाइट स्वस्त आणि बाकीच्या महाग, असे डेटाचे वेगवेगळे दर लावायला ट्रायनं फेब्रुवारी २०१६ मध्ये बंदी घातली. २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची अट कंपन्यांच्या परवान्यातही आली. पण हा नियम डेटाच्या दराचा. रिचार्जसोबत अ‍ॅपची मेंबरशिप ‘फ्री’ जोडून दिली तर तो तिथे आड येत नाही.

मग सगळ्यांसाठी एकच कायदा आणि एकच नियामक का नको? ब्रिटननं २००३ मध्ये तेच केलं. पाच संस्था एकत्र करून ‘ऑफकॉम’ आणली. आपल्याकडे तर त्याच्याही आधी, २००१ मध्ये, कन्व्हर्जन्स विधेयक लोकसभेत आलं होतं. ते पास न होताच बारगळलं. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानं १८८५ चा कायदा मोडीत काढायचं ठरवलं, पण अ‍ॅपवरच्या कार्यक्रमांचा प्रश्न बाजूलाच ठेवला.

पण थांबा, ‘एकच कायदा’ ऐकायला जितका सोपा वाटतो तितका तो नाही. प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. पुढच्या वर्षी त्याच्या सुधारित मसुद्यात बातम्यांवर बोलणारे यूट्यूबरही येणार, अशी चर्चा सुरू झाली. एकट्यानं मोबाइलवर व्हिडिओ करणारा मुलगा आणि शेकडो कर्मचाऱ्यांचं न्यूज चॅनेल यांना एकच माप? बराच गदारोळ झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो मसुदा मागे घेतला गेला. त्याआधी २०२१ च्या आयटी नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयानंही अंतरिम स्थगिती दिली होती.

म्हणूनच खरा प्रश्न ‘नियम हवेत की नकोत’ हा नाहीच. वायरचे नियम आणि त्या वायरमधून येणाऱ्या मजकुराचे नियम एकमेकांत मिसळू नयेत, हा आहे. वायरवाल्यानं कुणाला अडवू नये, दर उघड ठेवावेत, तक्रार ऐकावी, हे कडक असलंच पाहिजे, मग ती केबल असो, डिश असो की मोबाइल. पण तुम्ही काय बोलायचं, काय बघायचं, हे ठरवण्याची चावी त्याच नियमांच्या आडून कुणा एका खात्याच्या हातात जायला नको.

हे सगळं दिल्लीत ठरतं, आपलं कोण ऐकणार, असं म्हणू नका. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले आणि पुढच्याच वर्षी नियम झाला. ट्राय निर्णय घेण्याआधी सल्लामसलतीचा मसुदा वेबसाइटवर टाकतं आणि त्यावर कुणीही मत पाठवू शकतं. वकील असावं लागत नाही. पुढचा मसुदा येईल तेव्हा एवढे तीन प्रश्न तरी विचारा. माझ्या फोनला टीव्हीइतके हक्क आहेत का? रस्ता आणि दुकान एकाच मालकाचं असेल तर लक्ष कोण ठेवणार? आणि नियामक सरकारपासून किती स्वतंत्र असेल?