फिट नसतानाचे दिवस

फिट साधारण दोन-तीन मिनिटांची असते. अपस्मार असलेल्या मुलाची आई खरी पिळवटते ती दोन फिटांच्या मधल्या दिवसांत.

घाबरल्यावर अंगात अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल वाढतं आणि धोका टळला की ओसरतं. इथे धोका टळल्याचं कोणी सांगतच नाही. घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत भांडं पडलं तरी ती धावते. पोर अंघोळीला गेलं की कडी लावू देत नाही. रात्री त्याच्या श्वासाकडे कान. झोप तुटते, सकाळी चिडचिड होते, मग पोरावर ओरडल्याचा अपराधीपणा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात अशा मातांपैकी जवळजवळ निम्म्यांना नैराश्याचा धोका दिसला होता. त्यात आपल्याकडे ‘ग्रहण पाळलं नसशील’, ‘बाहेरचं असेल, उतारा टाक’ हे वर. ग्रहणाचा आणि फिटचा काडीचा संबंध नाही, हे तिला डॉक्टरांनी सासूसमोर सांगायला हवं.

फिट कधी येणार हे हातात नाही, पण औषधाची वेळ हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचारांनी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. डोस चुकवायचा नाही, बरं वाटलं म्हणून मनाने बंद तर मुळीच करायचा नाही. एक वही ठेवावी: तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठला हात आधी झटकला, आदल्या रात्री जागरण किंवा ताप होता का. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ. डॉक्टरांना त्यातून दिशा मिळते आणि आईच्या डोक्यातला हिशेब कागदावर उतरतो.

दुसरा कागद फ्रिजवर लावायचा, फिट आल्यावर काय करायचं त्याचा. कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी नाकातला स्प्रे दिला असेल तर तो कधी मारायचा, तेही लिहावं.

हा कागद नवऱ्याला, शेजारच्या काकूंना, वर्गशिक्षिकेला, व्हॅनवाल्या काकांना पाठ हवा. इथेच घोडं अडतं. ‘शाळेत सांगू नकोस, उद्या लग्न जमायचं नाही.’ हिंदू विवाह कायद्यातली ‘अपस्मार नसावा’ ही अट १९९९ मध्येच काढली गेली, पण मामी-मावश्यांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. लपवलं की पहारा एकट्या आईवरच पडतो. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ पासून ‘संवेदना’ हा अपस्माराचा स्वमदत गट चालवला. अशा ठिकाणी आया मोकळ्या होतात, कारण तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

रात्रीच्या पाळ्या बाबांनीही वाटून घ्याव्यात. आईला दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, सारखं रडू, असं असेल तर मुलाचा केसपेपर काढताना मानसोपचार विभागात स्वतःचाही काढावा. तिथवर जाणं होत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.