टेबल सॉचा ब्रेक: पाच मिलिसेकंदांचे तंत्र, वीस वर्षांचा वाद

टेबल सॉ हे लाकूडकामातील एक साधे दिसणारे यंत्र आहे: सपाट धातूचे टेबल, त्याच्या मधोमध एक फट आणि त्या फटीतून अर्धवट वर आलेले, विजेवर फिरणारे गोल करवतीचे पाते. हातकरवतीत लाकूड स्थिर राहते आणि करवत चालते. येथे पाते जागच्या जागी फिरते आणि सुतार फळी त्याच्याकडे ढकलत नेतो, त्यामुळे हात ज्या दिशेने सरकतात त्याच दिशेला पाते असते. नेहमीचे दहा इंची पाते मिनिटाला सुमारे 4,000 फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो, आणि पात्याला 40 दाते असतील तर एका सेकंदात अडीच हजारांहून अधिक दाते एकाच जागेवरून निघून जातात. धोका ध्यानात आल्यावर हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. तेवढ्या अवधीत पाचशेच्या वर दात्यांनी आपले काम केलेले असते. अमेरिकेत या यंत्रामुळे दरवर्षी 30,000 हून अधिक लोकांना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात जावे लागते, असा तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी बहुतेक जखमा बोटांच्या असतात.

या अपघातांवर ओरेगन राज्यातील स्टीफन गॅस यांनी 1999 साली जो उपाय शोधला, तो सावधगिरीच्या सूचनांपेक्षा वेगळ्या जातीचा होता. गॅस हे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले पेटंट वकील आणि हौशी सुतार. शोध, त्याचे कायदेशीर संरक्षण आणि त्याचा वापर या तिन्ही बाजू एकाच माणसाला ठाऊक असण्याचा हा योग पुढच्या साऱ्या कथेला कारणीभूत ठरला. हात पात्याला लागणारच नाही अशी व्यवस्था करण्याऐवजी, तो लागलाच तर जखम खोल जाण्याआधी पाते थांबवायचे, असा त्यांचा विचार होता.

त्यासाठी यंत्राला लाकूड आणि माणूस यांतला फरक कळावा लागतो. हे काम विद्युतधारिता या गुणधर्मावर चालते. विद्युतधारिता म्हणजे एखाद्या वस्तूची विद्युतभार सामावून घेण्याची क्षमता. पाण्याने आणि क्षारांनी भरलेल्या मानवी शरीरात ती कोरड्या लाकडाच्या तुलनेत खूप जास्त असते, आणि मोबाइलचा पडदा बोट ओळखतो तोही याच गुणधर्मामुळे. टेबल सॉमध्ये पाते आणि त्याचा आस हे उर्वरित यंत्रापासून विद्युतरोधक भागांनी वेगळे ठेवून पात्यावर एक अगदी क्षीण विद्युतसंकेत सतत सोडलेला असतो. लाकूड कापताना त्या संकेतात फारसा बदल होत नाही. त्वचा टेकताच मात्र त्याचा काही भाग शरीर शोषून घेते, संकेत एकदम खाली येतो आणि नियंत्रक मंडल त्यावरून स्पर्श ओळखते.

पुढचे सारे यांत्रिक आहे. पात्याला जवळजवळ खेटून अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो आणि त्याच्यामागे जोरदार ताणाखाली दाबलेली स्प्रिंग, जी एका बारीक तारेने रोखून धरलेली असते. स्पर्श कळताच त्या तारेतून जोराचा प्रवाह सोडला जातो, तार वितळते, स्प्रिंग सुटते आणि ठोकळा दात्यांत घुसतो. अॅल्युमिनियम पुरेसे मऊ असल्याने दाते त्यात रुततात, आणि पाच मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या, आत पाते ठप्प होते. त्याच्या उरलेल्या गतीचाच उपयोग होऊन ते टेबलाखाली खेचले जाते आणि मोटर बंद पडते. प्रात्यक्षिकासाठी गॅस सॉसेजचा तुकडा वापरत, कारण विजेच्या दृष्टीने तो बोटासारखा वागतो. 2000 साली त्यांनी स्वतःचे बोटही फिरत्या पात्याला लावून पाहिले आणि किरकोळ जखमेवर निभावले. ब्रेक एकदा सुटला की ठोकळ्याचे कार्ट्रिज आणि बहुधा पातेही बाद होते. हा खर्च काही हजार रुपयांच्या घरात जातो, पण ज्याचे बोट शाबूत राहिले आहे तो त्याबद्दल कुरकुर करण्याची शक्यता कमीच.

गॅस यांच्या सॉस्टॉप या कंपनीचा पहिला टेबल सॉ 2004 मध्ये बाजारात आला, तो मात्र कारखान्यात एका जागी बसवायचा, ओतीव लोखंडाचा, जड. बांधकामाच्या जागेवर उचलून नेता येईल असा तिचा सॉ यायला 2015 उजाडले, आणि या अकरा वर्षांच्या अंतराला तांत्रिक कारण आहे. वेगाने फिरणारे पाते क्षणार्धात थांबवले की त्याची सगळी ऊर्जा आस, धारवे आणि सांगाडा यांना धक्क्याच्या रूपाने सोसावी लागते. जड यंत्र तो धक्का पचवते, तर एका माणसाने गाडीतून उतरवायच्या हलक्या सॉची बांधणी त्यासाठी नव्याने करावी लागते आणि वजनही वाढते. विरोधाभास असा की ब्रेकची गरज खरी तिथेच अधिक आहे. घडीच्या स्टँडवरील छोटे टेबल, उघड्यावर ओले झालेले लाकूड, घाई आणि दिवसभराचा शिणवटा हे सारे या फिरत्या सॉच्याच वाट्याला येते.

शोध लागल्यावर तो सर्व कंपन्या उचलतील असे वाटणे स्वाभाविक होते. तसे झाले नाही. रायोबी कंपनीबरोबर परवान्याची बोलणी बरीच पुढे गेली होती, त्यात स्वामित्वधन विक्रीच्या तीन टक्क्यांपासून सुरू होऊन बहुतेक उद्योगाने परवाना घेतल्यास आठ टक्क्यांपर्यंत जाणार होते, पण करार कधीच पुरा झाला नाही. 2003 मध्ये गॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरक्षा आयोगाकडे अर्ज करून असे तंत्र सर्व टेबल सॉना सक्तीचे करावे अशी मागणी केली. उत्पादकांचा आक्षेप असा की सक्ती झाली तर स्वस्त सॉची किंमत कितीतरी वाढेल आणि साऱ्या उद्योगाला एकाच पेटंटधारकापुढे हात पसरावे लागतील. हा आक्षेप निव्वळ कांगावा नव्हता: जो नियम मागतो त्याच्याच तिजोरीत नियमाचे पैसे जाणार, ही गोष्ट कोणत्याही नियामकाला अवघड वाटावी अशीच होती.

दरम्यान न्यायालयांनी वेगळी दिशा दाखवली. लाकडी फरशी बसवणाऱ्या एका कामगाराचा हात रायोबीच्या छोट्या, उचलता येण्याजोग्या सॉवर जखमी झाला, आणि 2010 मध्ये बोस्टन येथील ज्युरीने, त्याचाही 35 टक्के दोष मान्य करून, त्याला 15 लाख डॉलरची भरपाई दिली. उपलब्ध असलेले सुरक्षातंत्र न वापरणे हा यंत्राच्या रचनेतील दोष ठरू शकतो, ही भूमिका पुढच्या वर्षी अपील न्यायालयातही टिकली.

बॉश कंपनीने दुसरी वाट काढली. तिच्या रिॲक्स या फिरत्या सॉमध्ये स्पर्श ओळखताच मोटारीच्या एअरबॅगसारख्या वायूच्या कार्ट्रिजने पाते खाली ढकलले जाई. पात्याला काही होत नसे आणि एक कार्ट्रिज दोनदा वापरता येई. सुताराच्या खिशाचा विचार करता ही रचना निःसंशय सरस होती. पण सॉस्टॉपने पेटंटभंगाची तक्रार केली आणि 2017 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने रिॲक्सच्या आयातीवर बंदी घातली. त्याच वर्षी सॉस्टॉप ही कंपनी फेस्टूल या अवजारांच्या कंपनीची मालकी असलेल्या जर्मन उद्योगसमूहाने विकत घेतली. बोटे वाचवणाऱ्या तंत्राची दुसरी, अधिक किफायतशीर आवृत्ती पेटंटच्या भांडणात बाजारातून जाणे, हा या इतिहासातला सर्वांत खेदजनक भाग म्हणावा लागेल.

सुरक्षा आयोगाच्या 2017 च्या प्रस्तावित नियमात कोणतेही विशिष्ट तंत्र सांगितलेले नव्हते. सेकंदाला एक मीटर वेगाने आलेल्या बोटासारख्या वस्तूला 3.5 मिलिमीटरपेक्षा खोल काप जाऊ नये, एवढीच अट होती. हा प्रस्ताव 2023 मध्ये सुधारून पुन्हा मांडला गेला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सॉस्टॉपने नियम लागू होताच आपले एक महत्त्वाचे पेटंट सर्वांना खुले करण्याची तयारी जाहीर केली. मूळ अर्जाला तोवर वीस वर्षे उलटून गेली होती.

ब्रेक असलेला सॉ म्हणजे निर्धोक सॉ, असे मात्र नाही. ओले लाकूड, लाकडात दडलेला खिळा किंवा अॅल्युमिनियमची पट्टी यांनाही तो माणूस समजू शकतो, म्हणून असा माल कापताना ब्रेक तात्पुरता बंद ठेवण्याची सोय दिलेली असते. तेवढा वेळ ते यंत्र इतर कोणत्याही सॉइतकेच घातक असते. दुसरी मर्यादा उलटफेकीची, जिला कारागीर किकबॅक म्हणतात. कापलेली फळी मागच्या बाजूला मिटून पात्याला आवळते किंवा बाजूच्या मार्गदर्शक पट्टीत तिरकी अडकते, आणि पात्याचे मागून वर येणारे दाते ती उचलून सुताराच्या अंगावर भिरकावतात. यात त्वचेचा स्पर्शच नसल्याने ब्रेकला काही कळत नाही. त्यासाठी पात्यामागे उभी राहून कापाची फट उघडी ठेवणारी धातूची पाती, म्हणजे रायव्हिंग नाइफ, आणि फळी पुढे सारण्यासाठी हाताऐवजी काठी, हीच जुनी साधने उपयोगी पडतात.

महाराष्ट्रातील शहरांत घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे करणारे कारागीर पुष्कळदा विकतचा टेबल सॉ वापरतच नाहीत. हातात धरायचे कटर मशीन प्लायवूडच्या तक्त्याखाली उलटे आवळून, तक्त्याला पाडलेल्या फटीतून पाते वर काढले की त्यांचा टेबल सॉ तयार होतो. अशा जुळणीला सॉस्टॉपसारखा ब्रेक वरून जोडता येत नाही, कारण आस विद्युतरोधित असणे ही मूळ रचनेतच करावी लागणारी गोष्ट आहे. या जुळणीत पात्यावरचे झाकण काढलेले असते, रायव्हिंग नाइफ नसतो, आणि कटरचा खटका चालू स्थितीत अडकवून टाकलेला असल्यामुळे पाते थांबवायचे तर एक्स्टेन्शन बोर्डावरच्या बटणापर्यंत पोचावे लागते.