नाथसागराच्या काठी देशी गवताची तटबंदी

पैठणजवळ गोदावरीवर उभारण्यात आलेल्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. संत एकनाथांचे नाव धारण करणारा हा नाथसागर पैठण, गंगापूर, शेवगाव व नेवासे या तालुक्यांत पसरलेला असून त्याचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगर शहराची तहान हेच पाणी भागविते. त्याची एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असली तरी त्यातील ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा होय. क्षेत्राने साठ्याला भागले असता जलाशयाची सरासरी खोली, तो काठोकाठ भरलेला असतानाही, जेमतेम ८ मीटर भरते. एवढ्या विस्ताराचा जलाशय इतका उथळ असावा ही त्याच्या काठाच्या सर्व प्रश्नांची गुरुकिल्ली आहे.

उथळ जलाशयात पाण्याची पातळी थोडी जरी उतरली तरी काठाची कितीतरी जमीन उघडी पडते. दिवाळीनंतर पाणी मागे सरकू लागते आणि ओलसर गाळाचा रुंद पट्टा मोकळा होतो. या गाळपेर जमिनीवर हरभरा, गहू, ज्वारी, टरबूज अशी पिके घेण्यात येतात. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांना गाळपेरीचा आधार आहे, हे विसरून या विषयाची चर्चा करणे अन्यायाचे होईल. परंतु नांगराने मोकळी झालेली ही माती पुढच्या पावसाळ्यात कोठे जाते, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. पहिल्या सरींबरोबर ती जलाशयात उतरते. शिवाय विस्तीर्ण पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या लाटा उघडा काठ सतत पोखरीत असतात. जलाशयात येणाऱ्या गाळाचा मोठा हिस्सा वरच्या खोऱ्यातून नदीच आणते आणि काठावरच्या गवताने तो थांबणार नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. मात्र काठाचा स्वतःचा गाळ काठावरच अडविणे गवताला साधते.

गोदावरीच्या वरच्या अंगाला, निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्याचा दाखला या संदर्भात बोलका आहे. तेथे वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना नंदनवन लाभले. ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. निसर्गाचा तो लाभ खराच. पण पाणी साठविण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्याची जागा गाळाने घेतली हेही तितकेच खरे. ज्या जलाशयावर एका महानगराचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत असा विनिमय परवडणारा नाही.

कोणते गवत, कोणत्या थरात?

मराठवाड्याच्या वनस्पतींचा परिचय करून देणारा डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ १९९८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. तो चाळला म्हणजे या प्रदेशाची गवतसंपदा किती मोठी आहे याची कल्पना येते. काठाच्या दृष्टीने मात्र त्यातील मोजक्याच जातींचा विचार पुरेसा आहे.

सर्वांत वरच्या, मुरमाड उतारावर पवन्या व कुसळी ही माळरानाची गवते शोभतात. पाण्याच्या कमाल पातळीच्या आसपासच्या काळ्या जमिनीत मारवेल उत्तम येते. ते बहुवर्षायू आहे, गुरे ते आवडीने खातात आणि काही काळ साचलेले पाणीही ते सोसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले मारवेल ०६-४०’ हा त्याचा निवडक वाण दिलेला आहे. त्याच्या खाली, लाटांचा मारा बसणाऱ्या पट्ट्यात, वाळ्याला पर्याय नाही. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली तीन-तीन मीटरपर्यंत उतरतात, आणि काही आठवडे पाण्याखाली राहूनही त्याचे ठोंब पुन्हा फुटतात. दाट लावलेली वाळ्याची ओळ जिवंत बांधासारखी माती अडविते. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी भारतातूनच हे तंत्र उचलून जगभर नेले. कर्नाटकातील शेतकरी मात्र त्यापूर्वी कित्येक पिढ्या शेताच्या बांधावर वाळा राखीत आले होते. एक दक्षता मात्र हवी : अत्तरासाठी वा पडद्यांसाठी मुळे खणून नेण्याची मोकळीक दिली, तर ज्या मुळांसाठी वाळा लावला तीच नाहीशी होतील.

अगदी पाण्याच्या कडेला लव्हाळा, पाणकणीस व देवनळ यांचे राज्य असते. शास्त्रीय दृष्ट्या लव्हाळा आणि पाणकणीस ही गवते नव्हेत; परंतु पुरात लवून पुन्हा उभे राहण्याचा लव्हाळ्याचा गुण मराठी माणसाला संतवाणीतून ठाऊक आहेच. शरदात पांढऱ्या तुऱ्यांनी फुलणारा कासही माती घट्ट धरतो. तथापि शेतात शिरल्यास तो हटता हटत नाही, म्हणून गाळपेरीच्या शेजारी त्याची लागवड टाळणेच शहाणपणाचे.

देशी गवताचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर सातासमुद्रापलीकडे मिळते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात खाऱ्या दलदलीचा किनारा खचत होता. तेथील शासकीय केंद्राने त्याच किनाऱ्यावरील रानटी गवताचे नमुने गोळा केले, ते शेजारीशेजारी लावून पारखले आणि त्यातून निवडलेला ‘व्हर्मिलियन’ हा वाण १९८९ मध्ये प्रसारित केला. तेथे तो वरदान ठरला. त्याच जातीचे गवत चीनने १९७९ मध्ये किनारा सांभाळण्यासाठी नेले. तेथे ते इतके फोफावले की पक्ष्यांच्या चाऱ्याच्या दलदली त्याखाली झाकल्या गेल्या आणि अखेर ते उपटण्याची मोहीम शासनाला हाती घ्यावी लागली. आपल्याकडील बेशरमीची कथा याहून निराळी नाही. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती तळ्यांच्या काठी सर्वत्र माजलेली दिसते. गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि तिचा तुटलेला तुकडाही ओलीत पुन्हा रुजतो. ती उपटल्यावर उघडा पडलेला काठ त्याच हंगामात गवताने झाकला नाही, तर श्रम वाया जातात.

वाण घडविण्याची रीत

गवताचा वाण घडविणे हे पुष्कळसे शिक्षक-विद्यार्थ्यांनाही समजण्याजोगे काम आहे. निरनिराळ्या तळ्यांच्या काठांवरून ठोंब आणून ते एकाच वाफ्यात, नोंद करून, लावावयाचे. किमान दोन-तीन पावसाळे व उन्हाळे त्यांची वाढ, फुटवे, पाण्याखाली तगण्याची शक्ती पाहावयाची. आणि सरस ठरलेल्यांचीच रोपवाटिका करावयाची. बी पेरण्यापेक्षा ठोंब लावणे श्रेयस्कर, कारण रानगवताचे ताजे बी बहुधा सुप्तावस्थेत असते आणि वाऱ्या-पाण्याने ते वाहूनही जाते. कमाल पातळीच्या वर लागवड जून-जुलैत करावी. खालच्या पट्ट्यात ती पाणी उतरताना, गाळपेरीच्याच ओलीवर करावी, म्हणजे पुन्हा पाणी चढेपर्यंत मुळांना सवड मिळते. पहिला उन्हाळा मात्र चराईबंदी अटळ आहे, आणि गावाचे सहकार्य येथेच कसोटीला लागते.

चाऱ्याचा विचार केल्यास ते मिळविणे अशक्य नाही. २०१८ च्या दुष्काळात चारापिकांसाठी गाळपेर जमीन नाममात्र भाड्याने देण्याचा निर्णय शासनाने घेतला होता. ती पिके हंगामी होती. त्याऐवजी पट्ट्याच्या वरच्या कडेला मारवेलीची कायम पट्टी राखली, तर दरसाल नांगरट न करता कापणीचा चारा मिळू शकेल आणि खाली हरभऱ्यालाही जागा उरेल.

सगळाच काठ हिरवा करण्याचा उत्साहही आवरावयास हवा. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात येणारे रोहित, चिखले पक्षी उघड्या चिखलात व उथळ पाण्यात अन्न शोधतात; नदी सुरय उघड्या बेटांवर अंडी घालतो. त्या जागा वगळूनच लागवडीचा नकाशा आखावा लागेल. अभयारण्यात वन विभागाच्या आणि जलाशयाच्या जमिनीवर जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही, हेही ध्यानात असावे.

ग्रामपंचायतींना त्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर खोदलेले पाझर तलाव मराठवाड्यात गावोगावी आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून अनेक तलावांतील गाळ शेतांवर गेला. परंतु गाळ काढल्यावर काठ उघडाच राहिला, तर तो खड्डा पुन्हा भरू लागतो. अशा एखाद्या तलावाच्या, पाणी ज्या बाजूने आत येते त्या काठावर, वाळ्याच्या दोन ओळी व त्यामागे मारवेल लावून प्रारंभ करता येईल. ठोंबांमधील अंतर वीतभराहून कमी असावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते, तिच्यात गावातील जाणत्या गुराख्यांकडून गवतांची स्थानिक नावे व ती उगवण्याच्या जागा शाळेच्या मदतीने उतरवून घेतल्यास, पहिले ठोंब कोठून आणावयाचे हे तेथेच कळेल.